कायनेज आणि ग्रोथ फॅक्टर रिसेप्टर: बाण पाठ करू नका, फॉस्फेट कुणी कुणाला लावला ते विचारा

मागच्या रविवारी भाची आली घरी, खारघरहून पनवेल-ठाणे लोकल पकडून, हातात एक प्रिंटआउट. एमएस्सी बायोटेकचं पहिलं वर्ष, दुसऱ्या दिवशी इंटर्नल. प्रिंटआउटवर ती नेहमीची सेल सिग्नलिंगची आकृती, वर एक रिसेप्टर (पेशीच्या पडद्यात बसून बाहेरचा निरोप घेणारा प्रोटीन) आणि खाली तीस-चाळीस बाण, गर्दीच्या वेळच्या ठाणे स्टेशनच्या पुलासारखे, कोण कुठून येतंय कुठे जातंय काही कळत नाही. मी एका बाणावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा बाण म्हणजे काय गं? "मावशी, सिग्नल जातो." जातो म्हणजे नक्की काय जातं? गप्प. चहा झाला तरी गप्प.

तिची चूक नाही त्यात. मी सुद्धा कॉलेजात असंच पाठ केलं होतं, आणि नंतर रबाळ्याच्या एका लॅबमध्ये नोकरीला लागल्यावर पहिल्या सहा महिन्यांत कळलं की आपल्याला नावं येतात, गोष्ट येत नाही. "रिसेप्टर कायनेजला सिग्नल देतो" असं सगळे लिहितात आणि मार्क पण मिळतात (कायनेज म्हणजे फॉस्फेट लावणारा एंझाइम, ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशीला वाढायचा निरोप आणणारा प्रोटीन), पण या वाक्यात घोळ आहे, कारण बहुतेक ग्रोथ फॅक्टर रिसेप्टरमध्ये कायनेज हा वेगळा कोणी नसतोच, तो रिसेप्टरचाच आतला तुकडा असतो. म्हणून त्या दिवशी डायनिंग टेबलवर जसं करून घेतलं तसंच इथे लिहून काढतेय. सोबत कागद घेऊन बसा, नुसतं वाचून हे डोक्यात राहत नाही.

पायरी १: एक मोठा कागद, तीन पेनं

ए-फोर आडवा धरा. काळं पेन प्रोटीनच्या आकृत्यांसाठी. लाल पेन फक्त आणि फक्त प्रोटीनवर लागणाऱ्या फॉस्फेटसाठी. हिरवं पेन, जिथे काहीतरी घडतंय पण प्रोटीनवर फॉस्फेट लागत नाहीये, अशा जागांसाठी. हिरवं पेन का लागतं ते पायरी ५ला कळेल, आत्ता नुसतं घेऊन ठेवा.

नियम एकच. प्रत्येक बाण काढताना तीन प्रश्न: कोणी लावला, कोणाला लावला, कुठल्या अमिनो ॲसिडवर लावला. तिन्हीची उत्तरं आली तरच लाल बाण. नाही आली तर पेन खाली ठेवायचं आणि पुस्तक उघडायचं.

पायरी २: कायनेज करतो काय

एटीपीला, म्हणजे पेशीच्या इंधनाच्या रेणूला, तीन फॉस्फेट असतात. त्यातला शेवटचा, टोकाचा, उचलायचा आणि दुसऱ्या प्रोटीनवरच्या ओएच गटाला चिकटवायचा, बस, एवढंच काम. ओएच गट बाजूला काढून बसलेली अमिनो ॲसिडं म्हणजे सेरीन, थ्रिओनिन आणि टायरोसिन, आणि या लेखातले सगळे लाल ठिपके या तिघांपैकीच कोणावर तरी पडणार आहेत. फॉस्फेटवर निगेटिव्ह चार्ज असतो, त्यामुळे तो लागला की प्रोटीनचा आकार बदलू शकतो, किंवा तिथे दुसऱ्या कोणालातरी येऊन बसायला जागा तयार होते.

मला यासाठी हळदीकुंकू आठवतं. कपाळावर बोट टेकवायचं, एक लाल ठिपका, ठिपका लावणारीचं काम झालं, ती पुढच्या बाईकडे गेली. एंझाइम पण तसंच, स्वतः खर्च होत नाही, एकच कायनेज शेकडो प्रोटीनना ठिपके लावत सुटतो. सिग्नल मोठा होतो तो इथे.

नावात गोंधळ नको. कायनेज फॉस्फेट लावतो, फॉस्फटेज काढतो, आणि फॉस्फोरिलेज हा तिसराच, तो ग्लायकोजन तोडतो. गंमत म्हणजे कायनेजची गोष्ट त्या तिसऱ्यापासूनच सुरू झाली, १९५०च्या दशकात एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर स्नायूंमधला हा फॉस्फोरिलेज चालू-बंद कसा होतो ते शोधत होते आणि त्यात त्यांना फॉस्फेट लावणारा एंझाइम सापडला. नोबेल मिळालं १९९२ मध्ये, म्हणजे वाट बघायची तयारी ठेवा. माणसाच्या जीनोममध्ये पाचशेच्या वर प्रोटीन कायनेज आहेत, त्यातले ९०च्या आसपास टायरोसिनवाले, आणि त्यातले ५८ थेट रिसेप्टरच. आपला आजचा विषय हे ५८.

टायरोसिनवर फॉस्फेट लागतो हे तर १९७९ पर्यंत कोणाला माहीतच नव्हतं. टोनी हंटर यांनी ते पकडलं, आणि कसं, तर अमिनो ॲसिडं एकमेकांपासून वेगळी करायला जे बफर (पीएच धरून ठेवणारं द्रावण) लागतं ते नवीन करायचा कंटाळा म्हणून जुनंच वापरत राहिले, त्याचा पीएच १.९ वरून १.७ वर घसरला होता आणि त्या घसरलेल्या पीएचला फॉस्फोटायरोसिनचा ठिपका फॉस्फोथ्रिओनिनपासून सुटा झाला. ताजं बफर असतं तर दोन्ही एकाच जागी पडले असते. (आमच्या लॅबमध्ये ही गोष्ट सांगून कोणी शिळं बफर वापरायला लागलं तर मात्र मी ओरडते, हे आपलं सांगून ठेवते.) पेशीतल्या एकूण फॉस्फेट ठिपक्यांमध्ये टायरोसिनवाले १ टक्क्याच्याही बरेच खाली असतात. दुर्मिळ आहेत, म्हणूनच ते लागले की पेशी लक्ष देते.

पायरी ३: रिसेप्टर काढा, पण तीन तुकड्यांत

कागदावर मधोमध दोन आडव्या रेघा, हा मेम्ब्रेन, म्हणजे पेशीचा पडदा. आता ईजीएफआर काढा, एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरचा रिसेप्टर, कारण तो सगळ्यात जास्त अभ्यासलेला. बाहेरचा मोठा गोळा ग्रोथ फॅक्टरला पकडायला, मध्ये मेम्ब्रेनमधून जाणारी एकच बारीक काडी, आणि आत कायनेजचा गोळा, त्याला खाली लोंबणारी शेपटी. शेपटीवर चार-पाच ठिकाणी इंग्रजी वाय लिहा, हे टायरोसिन.

ग्रोथ फॅक्टर स्वतः लहान असतो, ईजीएफ म्हणजे फक्त ५३ अमिनो ॲसिडं. स्टॅनली कोहेन यांना तो उंदराच्या लाळग्रंथीत सापडला. त्या ग्रंथीचा अर्क नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचला तर डोळे साधारण १४व्या दिवशी उघडायचे ते ७व्या दिवशीच उघडायला लागले, दात पण लवकर आले. त्यांना आणि रीटा लेव्ही-मोंटालचिनी यांना १९८६चं नोबेल.

आता इथे थांबा आणि त्या एका काडीकडे नीट बघा, कारण पुढचं सगळं तिच्यावरून येतं. भिंतीतून आरपार एक सळई घातलीय, बाहेरच्या टोकाला कोणीतरी येऊन हात लावला, तर आतल्या टोकाला काय कळणार? जवळजवळ काहीच नाही. एक काडी बाहेरचा आकारबदल आत पोचवू शकेल असं फार काही होत नाही. मग पेशीने काय युक्ती केली, तर दोन रिसेप्टर शेजारी आणले. बाहेर दोन गोळे जवळ आले की आत दोन कायनेज आपोआप जवळ येतात, काडीला वळायची-वाकायची गरजच नाही. म्हणजे निरोप काय जातो, तर "आपण आता दोघं आहोत" एवढाच.

म्हणून तुमच्या कागदावर रिसेप्टर एकटा काढला असेल तर शेजारी दुसरा काढा. प्रत्येक पुस्तकात ही जोडी असते पण ती का आहे ते कोणी सांगत नाही, वर्षानुवर्षं मी ती नुसती शोभेची समजत होते.

जोडी जमते कशी हे मात्र प्रत्येकाचं वेगळं. पीडीजीएफसारखा ग्रोथ फॅक्टर स्वतःच जोडीत असतो, तो एका बाजूला एक रिसेप्टर पकडतो, दुसऱ्या बाजूला दुसरा, मधल्या माणसासारखा. ईजीएफ तसं करत नाही. तो आपापल्या रिसेप्टरवर बसतो, त्याने बाहेरचा गोळा उघडतो, आत दुमडून ठेवलेला एक हात बाहेर येतो आणि तो हात शेजारच्या रिसेप्टरला धरतो. इन्सुलिनचा रिसेप्टर तर आधीपासूनच जोडलेला असतो, डायसल्फाइड बंधांनी, तिथे इन्सुलिन आल्यावर फक्त दोघांची बसायची पद्धत बदलते. परीक्षेत "लिगंड (रिसेप्टरवर बसणारा रेणू) आला की डायमर (जोडी) होतो" असं सरसकट लिहिलंत तर इन्सुलिनवाल्या प्रश्नात अडकाल.

पायरी ४: आतले दोघं एकमेकांना ठिपके लावतात

हळदीकुंकवात आपण आपलंच कपाळ पुढे करून स्वतःला लावून घेत नाही ना, समोरची आपल्याला लावते आणि आपण तिला. अगदी तसंच. एका रिसेप्टरचा कायनेज दुसऱ्याच्या टायरोसिनवर फॉस्फेट लावतो, याला ट्रान्स-ऑटोफॉस्फोरिलेशन म्हणतात, नाव लांबलचक पण अर्थ "आपल्यातल्या आपल्यात, पण समोरच्याला". लाल पेन घ्या, पहिले ठिपके इथे.

हे ठिपके दोन कामांचे असतात आणि इथे भाची दोनदा चुकली म्हणून जरा सावकाश लिहिते. पहिलं काम, कायनेजचं स्वतःचं कुलूप उघडणं. इन्सुलिन रिसेप्टर किंवा एफजीएफ रिसेप्टर यांच्या कायनेजमध्ये ॲक्टिव्हेशन लूप नावाची एक दोरी असते, ती कामाच्या जागेत आडवी पडलेली असते, तिच्यावर फॉस्फेट लागला की ती बाजूला होते आणि कायनेज जोरात चालू. दुसरं काम, शेपटीवरच्या जागा तयार करणं, जिथे पुढचे लोक येऊन बसणार.

ईजीएफआरला मात्र पहिल्या कामाची गरज लागत नाही. तिथे जोडीतला एक कायनेज दुसऱ्याला मागून ढुशी देतो, आणि ढुशी बसलेला चालू होतो. दोघं समोरासमोर आरशासारखे नसतात, एक ढकलणारा, एक ढकलला जाणारा. २००६ मध्ये ही रचना स्फटिकांच्या अभ्यासातून पुढे आली आणि एक जुनं कोडं सुटलं.

कोडं असं. ईजीएफआरच्या घरात चार भावंडं आहेत. त्यातल्या एचईआर-२ला बाहेरून बसणारा ग्रोथ फॅक्टर कोणताच सापडलेला नाही, पण त्याचा हात कायम उघडा, जोडीला सदैव तयार. आणि एचईआर-३ला ग्रोथ फॅक्टर मिळतो पण त्याचा कायनेज अगदीच दुबळा. म्हणजे एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला लिहिता येत नाही. आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट लहानपणी ऐकली असेलच, तीच ही. हे दोघं एकत्र आले की चौघांमधली सगळ्यात जोरदार जोडी होते, कारण एचईआर-३ला स्वतः काही लावायचं नसतं, त्याने फक्त ढुशी द्यायची, लावायचं काम एचईआर-२ करतो.

पायरी ५: ठिपका ओळखणारे, आणि हिरव्या पेनची गरज

शेपटीवर लाल ठिपका आला, पुढे काय? पेशीत काही प्रोटीनना एसएच-२ नावाचा खिसा असतो, त्यात फॉस्फेट लागलेला टायरोसिनच बसतो, बिनफॉस्फेटचा नाही. शिवाय शेजारची दोन-चार अमिनो ॲसिडं पण जुळावी लागतात, म्हणून कुठल्या ठिपक्यावर कोण येणार हे ठरलेलं असतं. ग्रब-२ हा असा एक, ईजीएफआरच्या १०६८ नंबरच्या टायरोसिनवर येऊन बसतो. ग्रब-२ स्वतः एंझाइम नाही, नुसता जोडतुकडा, त्याच्या दुसऱ्या हाताला सॉस नावाचा प्रोटीन धरलेला असतो. सॉसला मेम्ब्रेनपाशी आणून सोडायचं, कारण त्याला ज्याला चालू करायचंय तो रास नावाचा प्रोटीन मेम्ब्रेनलाच चिकटलेला असतो. सॉसने काहीही नवीन शिकलेलं नाहीये, फक्त त्याची जागा बदलली, आणि तेवढ्याने काम झालं. मला या सगळ्या साखळीत ही पायरी सगळ्यात आवडते.

आता रास. इथे शंभरातली नव्वद मुलं लाल बाण काढतात, आणि इथेच हिरवं पेन. सॉस रासला फॉस्फेट लावत नाही! रासच्या खिशात जीडीपी (दोन फॉस्फेटवाला छोटा रेणू) बसलेला असतो, सॉस तो खिसा सैल करतो, जीडीपी बाहेर पडतो आणि पेशीत जीटीपी (तसाच, पण तीन फॉस्फेटवाला) भरपूर असल्याने तो आत जाऊन बसतो, की रास चालू. अख्खा रेणू बदलला, फॉस्फेट चिकटवला नाही. रास हा कायनेज नाही, सॉस पण नाही. नावांच्या रांगेत मध्येच उभे आहेत म्हणून सगळे त्यांना कायनेज समजतात.

त्याच्या पुढे परत लाल, कारण राफ, मेक आणि अर्क हे तिघंही कायनेज. जीटीपीवाला रास राफला मेम्ब्रेनवर बोलावतो, राफ मेकला सेरीनवर ठिपके लावतो, आणि मेक अर्कला. मेक हा विचित्र प्राणी, तो थ्रिओनिन आणि टायरोसिन दोन्हीवर लावतो, अर्कच्या २०२ आणि २०४ नंबरला, आणि दोन्ही लागले तरच अर्क पूर्ण जागा होतो. मग अर्क न्यूक्लियसमध्ये जातो, तिथल्या प्रोटीनना ठिपके लावतो, जीन चालू होतात. लक्षात घ्या, वर मेम्ब्रेनपाशी टायरोसिनचा कारभार होता, खाली येईपर्यंत तो सेरीन-थ्रिओनिनचा झाला.

दुसरी फांदी पीआय-३ कायनेजची. हा कायनेज आहे पण प्रोटीनला फॉस्फेट लावणं हे याचं मुख्य काम नव्हे, हा मेम्ब्रेनमधल्या चरबीच्या रेणूला लावतो, पीआयपी-२चा पीआयपी-३ करतो. त्या पीआयपी-३वर एकेटी नावाचा कायनेज येऊन चिकटतो आणि तिथे त्याला दुसरे दोन कायनेज ठिपके लावतात, एक ३०८ नंबरच्या थ्रिओनिनवर, एक ४७३च्या सेरीनवर. एचईआर-३च्या शेपटीवर पीआय-३ कायनेजला बसायला सहा जागा आहेत, म्हणून ती वरची जोडी ही फांदी एवढी तापवते.

पायरी ६: बंद कसं होतं

हा भाग पुस्तकात शेवटच्या अर्ध्या पानावर असतो आणि कॅन्सरमध्ये घोटाळा बऱ्याचदा इथेच असतो. फॉस्फटेज ठिपके पुसत असतात, सतत, सिग्नल चालू असताना सुद्धा. (कुंकू पुसायची उपमा आमच्या आईने ऐकली तर माझं काही खरं नाही, पण दुसरी सुचत नाहीये.) पीटेन हा पीआयपी-३चा फॉस्फेट काढतो, तो बिघडला की एकेटी बंदच होत नाही. रास स्वतःचा जीटीपी तोडून शांत होतो, त्यात त्याला मदतनीस लागतो, आणि रासमधली नेहमीची म्युटेशन हे तोडणंच बिघडवतात. शिवाय ईजीएफआरच्या १०४५ नंबरच्या टायरोसिनवर सीबीएल नावाचा प्रोटीन येऊन बसतो, रिसेप्टरला युबिक्विटिनचं लेबल लावतो, आणि तो रिसेप्टर आत ओढला जाऊन लायसोसोममध्ये भंगारात जातो. म्हणजे ठिपक्यांमुळेच चालू आणि ठिपक्यांमुळेच बंद. हे लेबल हिरव्या पेनने.

पायरी ७: साच्यात न बसणारे

थोडक्यात. टीजीएफ-बीटाचा रिसेप्टर कायनेजच आहे, पण सेरीन-थ्रिओनिनवाला. ग्रोथ हॉर्मोन आणि एरिथ्रोपोएटिनच्या रिसेप्टरना स्वतःचा कायनेजच नाही, ते जॅक नावाचा कायनेज बाहेरून आणून कायम चिकटवून ठेवतात, स्वतःचं घर नाही म्हणून भाड्याने घेतल्यासारखं. बाकी जोडी, ठिपके, एसएच-२, सगळं तेच. प्रश्नात नुसतं "ग्रोथ" शब्द दिसला म्हणून ईजीएफआरची आकृती काढू नका.

पायरी ८: औषधांची नावं कागदावर बसवा

हे मी मुद्दाम करून घेते, कारण औषध कुठे अडवतं ते दाखवता आलं की आकृती खरंच समजली. नावाच्या शेवटी मॅब असेल तर ती अँटिबॉडी, ती पेशीच्या आत जाऊन कायनेजला अडवत नाही, मेम्ब्रेनच्या बाहेरच काम करते, आपल्या आकृतीत रिसेप्टरलाच धरते. निब असेल तर तो लहान रेणू, आत जाऊन सहसा कायनेजच्या एटीपीच्या खिशात बसतो. ट्रास्टुझुमॅब एचईआर-२वर बाहेरून, अमेरिकेत १९९८ला मंजूर. गेफिटिनिब ईजीएफआरच्या आतल्या खिशात, २००३. इमॅटिनिब २००१चं, पण ते ज्यासाठी प्रसिद्ध आहे तो बीसीआर-एबीएल रिसेप्टर नाही, पेशीच्या आतला कायनेज आहे, इथे पण मुलं फसतात.

१९८४ मध्ये कळलं की कोंबड्यांमध्ये रक्ताचा कॅन्सर करणाऱ्या एका विषाणूचा जीन म्हणजे ईजीएफआरच, फक्त बाहेरचा गोळा कापलेला. बाहेर पकडायला काही नाही तरी आतला कायनेज चालूच. अशा रिसेप्टरवर बाहेरून येणाऱ्या अँटिबॉडीचं काय होईल ते कागदावर बघून सांगा. आतड्याच्या कॅन्सरमध्ये सेटुक्सिमॅब (ईजीएफआरला बाहेरून धरणारी अँटिबॉडी) द्यायच्या आधी रास तपासतात ते का, ते पण. वरचं दार बंद केलं तरी खाली रास स्वतःहून चालू असेल तर उपयोग काय!

फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर एक्झॉन १९ डिलीशन किंवा एल८५८आर दिसतं, ते दोन्ही ईजीएफआरच्या कायनेजमधले बदल, आणि त्यावर हे निब चांगले चालतात. मग काही महिन्यांनी बऱ्याच जणांत टी७९०एम येतो, म्हणजे खिशाच्या तोंडाशीच एक अमिनो ॲसिड बदलतं, गेफिटिनिब नीट बसत नाही आणि एटीपी मात्र आणखी घट्ट बसतो. त्यासाठी ओसिमर्टिनिब आलं, २०१५, ते ७९७ नंबरच्या सिस्टीनला पक्कं चिकटतं. मग पेशी ते सिस्टीनच बदलते. हा खेळ चालूच आहे.

पायरी ९: लॅबमध्ये स्वतः बघा

ज्यांना प्रोजेक्ट करायचाय त्यांच्यासाठी. बाकीचे इथे थांबले तरी चालेल, पण मला विचाराल तर खरी मजा इथे.

ए४३१ पेशी (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सरपेशी) घ्या, त्यांच्यावर ईजीएफआर खच्चून भरलेले असतात. रात्रभर सीरम (रक्तातला द्रव भाग, पेशी वाढायला त्यांच्या मीडियममध्ये, म्हणजे वाढीच्या द्रावणात, घालतात तो) न घालता ठेवा, कारण सीरममध्येच ग्रोथ फॅक्टर असतात, ते असताना तुम्ही वरून ईजीएफ घातलं काय न घातलं काय. सकाळी ईजीएफ, १०० नॅनोग्रॅम प्रति मिली, आणि प्लेटा ०, २, ५, १५, ३०, ६० मिनिटांना उचला. उचलणं म्हणजे बर्फावर ठेवून थंडगार पीबीएसने (मिठाच्या बफरने) धुणं, लगेच लायसिस बफर, म्हणजे पेशी फोडणारं. "लगेच"चा अर्थ लगेच. मी एकदा पाच मिनिटांची प्लेट हातात असताना गॅसवाल्याचा फोन घेतला, बाटला कुठे ठेवू म्हणून, दीड मिनिट, आणि नंतर ब्लॉटवर (प्रोटीन आकाराने वेगळे करून अँटिबॉडीने बघायची पद्धत, प्रत्येक प्लेटची एक लेन) ती लेन पंधरा मिनिटांच्या लेनपेक्षा फिकट आली. फॉस्फटेज तुमच्या फोनसाठी थांबत नाहीत.

लायसिस बफरमध्ये प्रोटीएज (प्रोटीन तोडणारे एंझाइम) अडवणारे इनहिबिटर सगळे घालतात, फॉस्फटेजचे विसरतात. सोडियम फ्लोराइड आणि सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट दोन्ही हवेत. व्हॅनाडेट नुसतं विरघळवून चालत नाही, पीएच १०ला आणायचं, पिवळं-केशरी दिसतं, मग उकळायचं रंग जाईपर्यंत, थंड करून परत पीएच बघायचा, परत उकळायचं, पीएच १०ला टिकला आणि पाण्यासारखं दिसलं की झालं. आणि हो, ईडीटीए आणि डीटीटी व्हॅनाडेटला निकामी करतात, बफरची रेसिपी डोळे झाकून उचलू नका.

ब्लॉटवर फॉस्फो-ईजीएफआर बघा १७० किलोडाल्टनच्या आसपास, आणि फॉस्फो-अर्क ४२ आणि ४४ला, दोन पट्ट्या. ब्लॉकिंगला, म्हणजे ब्लॉटवरच्या रिकाम्या जागा झाकायला, दूध पावडर टाळा, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं प्रोटीन आहे, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा. आणि दोन्हींचं टोटल प्रोटीन (फॉस्फेट असो-नसो, एकूण) पण बघायचंच, नाहीतर पट्टी फिकट झाली ती फॉस्फेट गेला म्हणून की रिसेप्टरच भंगारात गेला म्हणून, हे कळणार कसं?

आता बाणांचा क्रम सिद्ध करायचा. एक प्लेट आधी तासभर गेफिटिनिबमध्ये ठेवून मग ईजीएफ, दुसरी मेक अडवणाऱ्या यू०१२६मध्ये ठेवून मग ईजीएफ. पहिल्या प्लेटमध्ये ईजीएफआरचा ठिपका पण गेला, अर्कचा पण गेला. दुसरीत ईजीएफआरचा तसाच, फक्त अर्कचा गेला. म्हणजे ईजीएफआर वर, अर्क खाली, हे तुम्ही आता पुस्तकात वाचलेलं नाही, डोळ्यांनी बघितलंय. एक गंमत, एवढ्या ईजीएफमध्ये ए४३१ पेशी वाढायच्या ऐवजी मंदावतात, तेव्हा "ग्रोथ" या नावावर फार जाऊ नका.

हे सगळं सांगून भाची गेली, इंटर्नल बरी गेली म्हणे. बुधवारी रात्री फोन. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये हीला नावाच्या कॅन्सरपेशींवर हेच केलं होतं आणि शून्य मिनिटाच्या लेनमध्येच फॉस्फो-अर्क काळाकुट्ट. "मावशी, ईजीएफ घातलंच नव्हतं गं त्यात, शप्पथ." फॉस्फो-ईजीएफआर? तो कोराच. म्हटलं, ईजीएफ कसं घातलंस बाकीच्यांत? तर जुनं मीडियम काढून ईजीएफवालं नवीन ओतलं, आणि शून्यवालीत नुसतं नवीन मीडियम ओतून मग उचलली. तिथेच झालं. मीडियम बदलताना पेशींना जो धक्का बसतो तेवढ्याने सुद्धा अर्क जागा होऊ शकतो, रिसेप्टरकडून काही आलेलं नसताना. पुढच्या वेळी ईजीएफ शंभरपट दाट करून ठेव, प्लेटमधलं मीडियम आहे तसंच राहू दे, त्यातच थोडंसं वरून सोड आणि हलकेच फिरव, शून्यवालीत तेवढाच नुसता बफर सोड. शुक्रवारी परत करणार आहे.